कडाक्याच्या थंडीत गाडी चालू होत नसेल तर निदान थंड इंजिनावरच करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोलवर चालणारी गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते आणि तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की सकाळी ती चालू होत नाही. कधी इंजिन जड होऊन संथ फिरते, तर कधी नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे थांबते. दुपारी ऊन पडल्यावर मात्र तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. बॅटरी गेल्याच वर्षी नवी बसवलेली असल्यामुळे दोष तिचा नसावा, असे गृहीत धरून आता स्टार्टर मोटर बदलावी का, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे, की तूर्त काहीही बदलू नये आणि काहीही विकत घेऊ नये. दिलेल्या वर्णनावरून पहिला संशय बॅटरीतील चार्जवर जातो, दुसरा टर्मिनल आणि अर्थिंगच्या जोडांवर जातो, आणि स्टार्टरचा क्रमांक त्यांच्या बराच नंतर लागतो. पण संशय म्हणजे निदान नव्हे. थंडीत होणाऱ्या बिघाडाचे निदान गाडी थंड असतानाच, रात्रभर ती जिथे उभी होती तिथेच आणि किल्ली फिरवण्याच्या आधीपासून सुरू केले पाहिजे. गाडी ओढून वर्कशॉपमध्ये नेली आणि ती तासभर आत उभी राहिली, की ऑइल पातळ होते, बॅटरीत जोर येतो, सेन्सरवरचे आकडे बदलतात आणि ज्या दोषासाठी गाडी आणली तो दोषच नाहीसा होतो. मग ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून गाडी परत दिली जाते, किंवा अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. थंडी बहुधा नवा दोष निर्माण करत नाही. आधीपासून असलेला आणि उन्हाळाभर निभावून गेलेला कमकुवतपणा ती उघडा पाडते. म्हणून तो उघडा असतानाच पाहावा.

सुरुवात कानाने करावी. किल्ली फिरवल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते: इंजिन फिरतच नाही, फिरते पण जड फिरते, किंवा नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही. पहिल्या दोन प्रकारांत शोध बॅटरी, तिच्या वायरी, स्टार्टर आणि इंजिन ऑइल एवढ्यापुरताच असतो. तिसऱ्या प्रकारात या चौघांचा संबंध जवळजवळ संपतो आणि इंधन, स्पार्क व सेन्सर यांकडे वळावे लागते. पुष्कळ लोक ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगतात आणि मेकॅनिकही तेवढ्यावरच कामाला लागतो, त्यामुळे जड फिरणाऱ्या इंजिनाचे स्पार्क प्लग बदलले जातात आणि व्यवस्थित फिरणाऱ्या इंजिनाची बॅटरी. या प्रश्नातील गाडी पहिल्या दोन प्रकारांत मोडते, म्हणून आधी त्यांविषयी सविस्तर सांगतो.

शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांच्या आसपास पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरीसुद्धा तिच्या एरवीच्या क्षमतेच्या साधारण निम्मीच शक्ती देऊ शकते. नेमके त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेले असल्यामुळे इंजिन फिरवायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. देणारा अर्ध्यावर आलेला आणि मागणारा मात्र दुपटीने मागणारा, अशी ही अवस्था असते. बॅटरी अर्धवट चार्ज असेल तर दुपारी ती गाडी सहज चालू करील आणि पहाटे हात टेकेल; त्यासाठी ती जुनी किंवा खराब असण्याची गरज नाही. दुपारी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते यावरून बॅटरी चांगली आहे असा निष्कर्ष काढता येत नाही तो यामुळेच.

बॅटरीची पहिली तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, दार उघडून दिवे लागण्यापूर्वीचे मोजमाप सर्वांत विश्वासार्ह असते. ते जमत नसेल तर बॉनेट आदल्या रात्रीच नुसते टेकवून ठेवावे. १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० किंवा त्याखाली म्हणजे ती जवळजवळ उतरलेली. गाडी नुकतीच बंद केली असताना हा आकडा फसवा येतो, कारण अल्टरनेटरने, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राने, नुकत्याच केलेल्या चार्जिंगमुळे काही काळ व्होल्टेज वाढलेले दिसते.

दुसरी तपासणी सेल्फ मारत असतानाची. एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटरवर नजर ठेवावी. सर्वसाधारण हवामानात स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, हा आकडा बहुतेक मेकॅनिकना पाठ असतो. पण तो सुमारे २० अंश तापमानाचा आहे. बॅटरीच उणे १५ ते उणे १८ अंशांपर्यंत थंड झालेली असेल तर ८.५ च्या आसपासचा आकडासुद्धा चालण्यासारखा असतो. ९.६ ची कसोटी अतिथंड बॅटरीला लावून चांगल्या बॅटऱ्या बाद केल्या जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. रात्रीच्या विसाव्यानंतर १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फला एकदम ७ किंवा ६ व्होल्टवर कोसळत असेल, तर मात्र तिच्यात दम उरलेला नाही असे समजावे. आणि सकाळी मुळातच १२.२ दिसत असेल, तर तिला दोष देण्यापूर्वी ती बाहेर काढून, उबदार जागी ठेवून, चार्जरने पूर्ण भरावी आणि मगच पुन्हा तपासावी.

एका वर्षाची बॅटरी निम्म्यावर का येते, याचे उत्तर बहुधा गाडीच्या वापरात असते. रोज पाच-दहा मिनिटांचाच प्रवास, त्यात हीटर, काचेचे डिफॉगर, दिवे आणि सीट गरम करण्याची सोय चालू. अशा वेळी अल्टरनेटर जे देतो त्यातले बरेचसे तिथेच खर्च होते. शिवाय थंड बॅटरी चार्ज फार हळू स्वीकारते, म्हणून उन्हाळ्यात अर्ध्या तासात जेवढे भरते तेवढे हिवाळ्यात भरत नाही. रोज थोडे थोडे कमी पडत गेले की बॅटरी सतत अर्धवट चार्ज राहते, तिच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट कठीण होत जाते आणि क्षमता कायमची घटते. अशी गाडी वापरणाऱ्याने हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा बॅटरी रात्रभर चार्जरवर लावावी, असा माझा आग्रह असतो. नवी बॅटरी घेण्याची वेळ आलीच, तर तिच्यावर छापलेला कोल्ड क्रँकिंगचा आकडा पाहावा. उणे १८ अंशांवर ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता, बॅटरी किती अँपिअर देऊ शकते हे तो सांगतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो कमी नसावा.

बॅटरी चांगली निघाली आणि तरीही इंजिन जड फिरत असेल, तर जोडांकडे वळावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर दोष उघडच आहे, परंतु वरून स्वच्छ दिसणारा जोडही आतून खराब असतो. तो ओळखण्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्या खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवावी आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. दोन पिनांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते, त्यामुळे मीटरवर जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर तो अर्धा व्होल्ट स्टार्टरपर्यंत पोहोचलेलाच नाही. हीच पद्धत पुढे वाढवून बॅटरीच्या धन खुंटीपासून स्टार्टरच्या जाड नटापर्यंत आणि ऋण खुंटीपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत मोजावे. धन बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंतची आणि अर्थिंगच्या बाजूला ०.२ व्होल्टपर्यंतची घट चालते. त्याहून जास्त असेल तर जोड उघडून, घासून, चकचकीत करून पुन्हा आवळावा. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गाडीच्या खालच्या बाजूला पाण्या-मिठात असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी जिथे मीठ टाकतात तिथे ही पट्टी सर्वांत आधी तपासावी.

‘टक्’ आवाजाचेही दोन प्रकार आहेत. टकटकटक असा झपाट्याने येणारा आवाज म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढला जातो, स्टार्टरने करंट मागताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. हे उतरलेल्या बॅटरीचे किंवा खराब जोडाचे लक्षण आहे. एकच दणकट ‘टक्’ येऊन शांतता पसरत असेल, तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर दोष बहुधा बॅटरीकडे किंवा जोडाकडे असतो. बॅटरी आणि जोड मोजून ठीक निघाले असतील, तर स्टार्टर किंवा इंजिन अडकले आहे. दिवे तेजस्वीच राहिले तर करंट वाहतच नाही, म्हणजे सोलेनॉइडचे आतले संपर्क झिजलेले असावेत किंवा स्टार्टरचे कार्बन ब्रश संपत आलेले असावेत. स्टार्टर बदलण्याचा विचार या टप्प्यावर करावा, त्याआधी नाही.

ऑइलची बाब छोटी आहे पण निर्णायक आहे. डब्यावरील ‘डब्ल्यू’ या अक्षराच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो. इंजिन फिरवताना ऑइल किती अडथळा करते याची चाचणी ०डब्ल्यू प्रकारासाठी उणे ३५ अंशांवर, ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर, १०डब्ल्यूसाठी उणे २५ वर आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० वर केली जाते. म्हणजे १५डब्ल्यू ऑइल उणे १५ अंशांवर आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचलेले असते, आणि बॅटरी जराशी कमी असेल तर तेवढेच पुरेसे होते. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर हिवाळ्यासाठी ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू वापरावे. जाड ऑइल इंजिनाला अधिक जपते ही समजूत थंड प्रदेशात महागात पडते, कारण सुरुवातीच्या काही सेकंदांत ऑइल वरच्या भागांपर्यंत पोहोचणे यावरच इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हाताने गिअर टाकण्याची गाडी असेल तर सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबून ठेवावा. गिअरबॉक्समधील घट्ट झालेले ऑइल ढवळण्याचा भार तेवढाच कमी होतो.

आता तिसरा प्रकार, म्हणजे इंजिन चांगल्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही. थंड पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून इंजिनाचा संगणक थंडीत पेट्रोल फवारणारे इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून मिश्रण समृद्ध करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवतो. किती समृद्ध करायचे हे तो मुख्यतः कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवरून ठरवतो. या सेन्सरने चुकीचे सांगितले तर इंजिनात बाकी सगळे उत्तम असूनही गाडी चालू होत नाही, आणि सेन्सर पूर्ण बंद पडलेला नसल्यामुळे इशाऱ्याचा दिवाही लागत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचे प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंप आधीच बदलून झाले होते, आणि वर्कशॉपमध्ये ती दर वेळी निमूटपणे चालू होत असे. शेवटी पहाटे ती उभी होती तिथेच स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे उपकरण) जोडला आणि सेल्फ न मारता नुसते इग्निशन चालू केले, तेव्हा आत येणाऱ्या हवेचा सेन्सर शून्याच्या बराच खाली होता आणि कूलंटचा सेन्सर मात्र इंजिन चांगले कोमट असल्यासारखे दाखवत होता. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे एकमेकांपासून काही अंशांच्याच फरकाने असले पाहिजेत. ही तपासणी दोन मिनिटांत होते, तिला साधा स्वस्त स्कॅनर पुरतो, आणि थंड गाडी नुसती फिरत राहते तेव्हा मी ती सर्वांत आधी करतो.

वारंवार सेल्फ मारल्याने प्लग पेट्रोलने भिजले असतील आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि मग सेल्फ मारावा. इंजेक्शन असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये या अवस्थेत संगणक इंधन तोडतो आणि नुसती हवा आत जाऊन सिलिंडर सुकतात. इंजिन पकडू लागताच पाय सोडावा. कोणत्याही प्रकारात एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये निदान अर्धा ते एक मिनिट थांबावे, कारण स्टार्टर थंडीतही झपाट्याने तापतो. पेट्रोलच्या टाकीत साचलेले पाणी गोठून लाइन अडणे हेही घडते. हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली न जाऊ देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ती पेट घेते, आणि थंड सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो. म्हणून सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबणे आवश्यक आहे. प्रत्येक ग्लो प्लगची वायर काढून त्याचे टोक आणि इंजिनाचा धातू यांमधील रोध मोजावा. चांगल्या धातूच्या प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास येतो आणि जळालेला प्लग मीटरवर तुटलेल्या वायरीसारखा दिसतो. चारपैकी एखादा जळाला तर गाडी धक्के देत, पांढरा धूर सोडत चालू होते. दोन-तीन जळाले तर कडाक्याच्या थंडीत ती होतच नाही. दुसरी अडचण इंधनाची. डिझेलमधील मेण थंडीत स्फटिकरूपाने वेगळे होऊ लागते, आधी डिझेल गढूळ दिसते आणि मग फिल्टर बुजतो. पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल घेऊन ती रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी डोळ्यांनीच कळते. मेण रोखणारे अॅडिटिव्ह डिझेल गढूळ होण्याच्या आधी टाकले तरच उपयोगी पडते. जमलेले मेण ते विरघळवत नाही. डिझेल पातळ करण्यासाठी त्यात पेट्रोल मिसळण्याची जुनी युक्ती आजच्या कॉमन रेल (एका सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांत मुळीच वापरू नये, कारण त्यांच्या पंपाला आणि इंजेक्टरना वंगण डिझेलमधूनच मिळते. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी हिवाळ्यापूर्वी सोडून द्यावे, नाहीतर ते गोठून तिथेच रस्ता अडवते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायचे असेल तर आधी उतरलेली बॅटरी नीट पाहावी. पूर्ण चार्ज बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गोठते, परंतु पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव उणे १० च्या आसपासच गोठू शकतो. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या असतील, तडा दिसत असेल किंवा आत बर्फ असल्याची शंका असेल, तर तिला केबल किंवा चार्जर अजिबात लावू नये. ती फुटून आम्ल अंगावर उडण्याचा धोका खरा आहे. बॅटरी ठीक असेल तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि काळीचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे; काढताना नेमके उलट क्रमाने काढावे. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये, कारण तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

गाडी चालू होताच पट्टा किंचाळू लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. कूलंटमध्ये नुसते पाणीच भरत गेल्याने ते गोठून पंप अडकलेला असू शकतो, आणि तसेच चालवले तर पट्टा तुटतो किंवा इंजिन तापते. पाणी आणि ग्लायकोल (कूलंटमधील गोठणरोधक द्रव) निम्मे-निम्मे असेल तर हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. तापमान नियमितपणे उणे २० च्या खाली जात असेल, तर इंजिन ब्लॉकला विजेचा हीटर बसवणे हा माझ्या मते बॅटरीवर केलेल्या खर्चापेक्षा चांगला खर्च आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन तास तो चालू ठेवला तरी पुरतो. इंजिनाखाली शेगडी किंवा उघडी ज्योत मात्र कधीही ठेवू नये, आणि बंद गॅरेजमध्ये गाडी ‘गरम करण्यासाठी’ चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मिनिटभर चालू ठेवून सावकाश निघाल्याने इंजिन उभ्या-उभ्यापेक्षा लवकर तापते.

प्रश्नकर्त्याने उद्या पहाटे आधी बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. ते १२.४ च्या खाली आले तर बॅटरी पूर्ण चार्ज करावी, त्या रात्री गाडी नेहमीप्रमाणे बाहेर उभी करावी आणि सकाळी पुन्हा मोजावे. एकाच रात्रीत ते पुन्हा ठळकपणे उतरले, तर दोन शक्यता उरतात: बॅटरी आतून खराब आहे, किंवा बंद गाडीतही कुठेतरी करंट खर्च होतो आहे. वेगळे ओळखण्यासाठी एक रात्र बॅटरीची ऋण वायर सुटी करून ठेवावी. तरीही व्होल्टेज उतरले तर बॅटरीच बदलावी लागेल. उतरले नाही, तर ऋण वायर आणि खुंटी यांच्यामध्ये मल्टिमीटर करंटच्या १० अँपिअरच्या जागेवर लावून, सर्व दारे आणि बॉनेटचे कुलूप बंद अवस्थेत ठेवून, गाडीतील संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा-एक तास थांबावे. त्या काळात किल्ली फिरवू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. त्यानंतर मीटरवर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसत असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे आणि कोणता काढल्यावर आकडा खाली येतो ते पाहावे. डिकीतला न विझणारा दिवा, नंतर बसवलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिमचा अॅम्प्लिफायर बहुधा त्याच फ्यूजवर सापडतो.